खारूच्या छातीतला माझा मुक्काम

मी एक बटण बोलतोय. हसू नका. वाटाण्याएवढं, पांढरं, दोन भोकांचं बटण. तान्ह्या बाळाच्या सदऱ्याला लावतात ना, त्यातलं. बटणाचा जन्म कापडाला धरून राहण्यासाठी असतो, पण माझ्या अंगातून आजवर एकदाही सुईदोरा गेलेला नाही. तरीही पाच महिने मी एका मुलीच्या काळजाशेजारी राहून आलोय. कोटाच्या मोठ्या रुबाबदार बटणांनाही हे भाग्य मिळत नाही. भाग्य म्हणतोय खरं, पण ते पापच होतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचा पातळ पत्रा, त्यावर धडाधड पडणारा साचा, आणि एका दणक्यात आम्ही शंभर भावंडं. मग आम्हाला एका पिंपात घालून दोन दिवस घुसळलं, तेव्हा कुठे आमच्या कडा गुळगुळीत झाल्या. त्या गुळगुळीतपणाचं मला केवढं कौतुक होतं! पुढे तोच नडला. मला नाही, खारूला.

बटणांच्या दुकानातून मला खारूच्या आईने आणलं. आई घरीच कपडे शिवायची. खिडकीशी मशीन, शेजारी कापडाचे गठ्ठे, भिंतीवर कात्र्या आणि मोजपट्ट्या, आणि मशीनखाली बसलेली खारू. खारू सहा वर्षांची. तिचं खरं नाव शाळेच्या पटावर होतं. घरात मात्र टेबलावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून खिडकीत उड्या मारणारी ती खार होती.

शिवणाऱ्या माणसांची एक सवय तुम्ही पाहिली असेल. हात दोनच आणि कामं दहा, म्हणून ती ओठांचा तिसरा हात करतात. आईच्या ओठांत कायम काहीतरी असायचं; कधी टाचण्या, कधी बटणं. त्यामुळे तिला तोंड उघडून बोलताच यायचं नाही. ती मिटल्या ओठांनी बोलायची. ‘ऊंऊं-ऊं’ म्हणजे कात्री दे. ‘ऊं?’ म्हणजे भूक लागली का. खारूला ही भाषा मराठीइतकीच येत होती, आणि बाबांना त्यातला एकही शब्द कळत नव्हता.

बाबा एका मोठ्या गोदामात सुरक्षेचं काम बघायचे. दिवसभर लोकांना ‘टोपी घाला’, ‘शिडी धरा’ सांगून घरी आले, की तेच घरात सुरू. “त्या टाचण्या तोंडातून काढ आधी. एक दिवस महागात पडेल.” माणूस मायाळू होता, पण त्यांना एक खोड होती. दूध उतू गेलं, छत्री विसरली, बशी फुटली, की ते शांतपणे म्हणत, “मी सांगत होतो.” एवढंच. ना आरडाओरडा, ना आदळआपट. पण हे तीन शब्द ऐकण्यापेक्षा आईला दुसरी बशी फोडणं परवडलं असतं.

तो दिवस चोवीस सदऱ्यांचा होता. लहान बाळांच्या कपड्यांच्या एका दुकानाला दुपारपर्यंत चोवीस सदरे द्यायचे होते आणि बटणं लावायची राहिली होती. खारूच्या शाळेला सुट्टी होती. ती आईला डबीतून बटणं काढून देत होती. देता देता तिने मला आणि माझ्या एका भावाला ओठांत धरलं, अगदी आई धरते तसं, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “ऊंऊं ऊं-ऊंऊं!”

ती हुबेहूब आई झाली होती. आईला हसू आवरेना. पण आई मुरलेली. तिने हसण्याआधी ओठांतल्या टाचण्या हातात घेतल्या. खारूला एवढं कुठलं माहीत? आई हसली म्हणून ती हसली. खळखळून हसण्यासाठी तिने मोठा श्वास घेतला, आणि त्या श्वासाबरोबर मी आत गेलो.

अंधार, ओल, आणि वादळ. एवढंच आठवतंय. खारू इतकी खोकत होती की मी वर-खाली आपटत होतो. बाहेरून आईची किंकाळी ऐकू आली. तिने लेकीला मांडीवर पालथं घातलं आणि पाठीवर थापा मारल्या. माझा भाऊ घशातच अडकला होता, तो टुणकन फरशीवर जाऊन पडला. मी मात्र तोवर खाली घसरलो होतो. माणसाच्या छातीत श्वासाची वाट दोन फाट्यांत जाते. उजवा फाटा जरा सरळ आणि रुंद. मी आपला सोप्या वाटेने गेलो आणि तिथेच रुतून बसलो.

“निघालं गं बाई, निघालं!” आई फरशीवरचं बटण मुठीत घेऊन रडत होती. तिला एकच बटण दिसलं होतं. आत दोन होती हे फक्त खारूला माहीत होतं, आणि तिला आता बरं वाटत होतं. खोकला थांबला, ओठांचा रंग परत आला. आईने तिचं तोंड पुसलं, पाणी पाजलं, आणि मग जरा वेळाने हळूच म्हणाली, “बाबांना नको हं सांगूस. उगाच बोलत बसतील.”

खारूने मान डोलावली. माझ्या मते पुढचे पाच महिने त्या एका वाक्यात होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती खोकली. अगदी बारीक. मग रोज खोकायला लागली. पहिले दोन आठवडे कुणालाच काळजी वाटली नाही. मुलं खोकतातच. सर्दी झाली, की आठ-पंधरा दिवस खोकला राहतो आणि आपला आपण जातो. सुंठीवाचून खोकला गेला असं लोक म्हणतात. इथे सुंठही झाली, मधही झाला, आणि खोकला ढिम्म हलला नाही.

मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे फेऱ्या सुरू झाल्या. दवाखाना नेहमी भरलेला, डॉक्टर चांगले, पण त्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. लाल बाटली झाली, मग हिरवी, मग झोप आणणारी पिवळी. मी आतून माझ्या परीने सांगत होतो. मला तोंड नाही, पण दोन भोकं आहेत. खारूने श्वास सोडला, की हवा माझ्या भोकांतून जाताना शिट्टी वाजायची. एकदा डॉक्टरांनी शर्टावरूनच नळी टेकवली आणि त्यांना ती शिट्टी ऐकू आली. मी म्हटलं, सुटलो!

“दमा दिसतोय,” डॉक्टर म्हणाले. “पंप सुरू करू.”

त्यांना दोष कसा देऊ? दम्यातही शिट्टीच वाजते, आणि दमा असलेली मुलं माझ्यासारखी बटणं श्वासात ओढलेल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतात. फक्त ती शिट्टी दोन्हीकडे वाजते. माझी एकाच बाजूला वाजत होती, आणि दुसऱ्या बाजूला नळी टेकवायला त्या दिवशी वेळ नव्हता.

दमा म्हटल्यावर घरात धुळीचा शोध सुरू झाला. पडदे गेले. सतरंजी गेली. मग बाबांचं लक्ष मशीनकडे गेलं. “कापडाची बारीक बारीक लव उडते दिवसभर. ही पोर त्यातच बसते.” आईने स्वतःच्या हाताने मशीनवर चादर घातली, गठ्ठे बांधून माळ्यावर टाकले आणि दुकानांना निरोप दिले की आता शिवणकाम बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मी आत बसून सगळं ऐकत होतो. मशीनचा आवाज थांबला, तेव्हा मला पहिल्यांदा माझी लाज वाटली.

मशीन बंद झालं तरी खोकला चालूच राहिला. तो आता बदलला होता. सुरुवातीला कोरडा होता, आता ओला, घरघरणारा झाला होता, जणू छातीत कुणी पातेलं उकळत ठेवलंय. माझ्यामागे कफ साचत होता. शाळेत बाईंनी खारूला दाराजवळच्या बाकावर बसवलं, म्हणजे उबळ आली की पटकन बाहेर जाता येईल. पोरं तिला ‘खोकली’ म्हणायला लागली. धावायच्या तासाला ती कट्ट्यावर बसून दुसऱ्यांच्या चपला सांभाळायची. खार झाडावर चढेना की टेबलावर.

तिला दोनदा न्यूमोनिया झाला. दोन्ही वेळा ताप उतरला, औषधं संपली, आणि पंधरा दिवसांत खोकला पुन्हा हजर. दर वेळी छातीचा फोटो काढला. त्यात मी दिसलोच नाही. नाणं दिसतं, टाचणी दिसते. प्लास्टिक त्या फोटोत दिसत नाही. फक्त उजवीकडे खाली एक पांढुरका डाग दिसला. दुसऱ्या वेळी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तो फोटो बराच वेळ उजेडात धरला आणि चिठ्ठी लिहिली. “मोठ्या दवाखान्यात जा. मुलांच्या छातीच्या डॉक्टर आहेत तिथे. माझ्याच्याने होत नाहीये.” हे म्हणायलाही मोठं मन लागतं.

तर आता या डॉक्टरबाईंची खोली. खिडकी, दोन खुर्च्या, एक पलंग, भिंतीवर फुग्यांचं चित्र. बाबांनी आल्या आल्या आपली फाइल उघडली. त्यात सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले होते, वर रंगीत चिकटपट्ट्या. “हा पहिला रिपोर्ट, हा–”

“बघते हं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आधी पाच मिनिटं कुणीच बोलू नका. मला हिचा खोकला ऐकायचाय.”

आणि त्या खरंच गप्प बसल्या. खारू खोकली. त्यांनी डोळे मिटले. ती पुन्हा खोकली. मग त्यांनी तिचा शर्ट वर करून पाठीवर नळी टेकवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. माझ्यावर येऊन त्या थांबल्या. मी जीव तोडून शिट्टी वाजवली. भोकं कफाने जवळजवळ बुजली होती, तरी वाजवली.

मग त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. “दोन्ही वेळा एकाच जागी,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. आणि वळून विचारलं, “खोकला कधीपासून आहे?”

“झाले की पाच महिने,” बाबा म्हणाले.

“तसं नको. खोकला नव्हता असा शेवटचा दिवस आठवतोय का?”

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. बाबा फाइल चाळायला लागले, पण फाइलमध्ये खोकल्याचेच दिवस होते. आई मात्र लगेच म्हणाली, “चोवीस सदरे द्यायचे होते, तो दिवस. त्या सकाळी ती ठणठणीत होती.” एवढं बोलून ती थबकली. मला वाटतं, तिच्या मनात त्याच क्षणी काहीतरी लख्ख झालं.

“त्या दिवशी काही घशात अडकलं होतं का? ठसका लागला, जीव घाबरा झाला, असं काही?”

“छे!” बाबा ठामपणे म्हणाले. “तसं काही झालेलंच नाही. आमच्याकडे त्या बाबतीत फार काळजी घेतात.”

खारूने आईकडे पाहिलं. तिच्या छातीतलं काळीज माझ्या शेजारीच होतं. ते धडधडायला लागलेलं मला कळलं. पोरीने दिलेला शब्द पाच महिने पाळला होता. तो आता मोडायचा की नाही, हे तिला आईच्या तोंडाकडे बघून ठरवायचं होतं.

मी मनात म्हणत होतो, बाई, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. तुमच्या एका शब्दावर या पोरीचा श्वास अडलाय.

“अडकलं होतं,” आई म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. “बटण. पण ते निघालं, डॉक्टर. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मुठीत घेतलं. म्हणून... म्हणून मी कुणाला बोलले नाही. मीच हिला गप्प केलं.”

“दोन होती,” खारू म्हणाली.

आईने तिच्याकडे पाहिलं.

“दोन होती, आई. एक निघालं. मला वाटलं दुसरं पोटात गेलं. पोटातलं शीमधून जातं, शाळेतल्या बाईंनी सांगितलंय.”

आई रडायला लागली. आवाज न करता, ओठ घट्ट मिटून. तशी सवयच होती तिला. बाबांनी तोंड उघडलं. मी वाट पाहत होतो त्या तीन शब्दांची. आईही पाहत असावी, कारण तिने खांदे आवळून घेतले होते. पण बाबांनी तोंड मिटलं, आणि मांडीवरची फाइल बाजूला ठेवून खारूला जवळ घेतलं.

डॉक्टरबाई आईच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. “तुम्ही आत्ता बोललात, म्हणून उद्या कुठे बघायचं ते मला कळलं. अजून काही महिने गेले असते, तर फुप्फुसाचा तो कोपरा कायमचा कामातून गेला असता. आता नाही जाणार, बहुतेक.” त्या ‘बहुतेक’ म्हणाल्या. खोटा धीर द्यायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी खारूला गाढ झोपवलं आणि तिच्या श्वासाच्या वाटेने एक बारीक नळी खाली आली. नळीच्या टोकाला दिवा. पाच महिन्यांनी मी उजेड पाहिला. आजूबाजूचं मांस सुजून माझ्या कडांवर चढलं होतं; मला ओढलं तर रक्त येणार होतं. डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. चिमट्याने एकदा धरलं, मी निसटलो. दुसऱ्यांदा निसटलो. हाच तो माझा गुळगुळीतपणा! तिसऱ्यांदा त्यांनी चिमट्याचं एक टोक माझ्या भोकात घातलं. माझ्या भोकाचा आयुष्यात तेवढाच एक उपयोग झाला.

बाहेर त्यांनी मला छोट्या बाटलीत घालून आईच्या हातात दिलं. आई-बाबा लांबलचक कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले होते.

“मला सांगायची भीती वाटावी, इतका वाईट आहे का गं मी?” बाबांनी विचारलं.

“वाईट नाही हो तुम्ही,” आई म्हणाली. “पण तुमचं नेहमी बरोबर असतं. चुकलेल्या माणसाला त्याचाच धाक वाटतो.”

बाबांनी खिशातून रुमाल काढून आधी तिला दिला आणि मग स्वतःचे डोळे बाहीने पुसले.

खोकला एका दिवसात गेला नाही. कफ सुटायला औषधं लागली, छातीचे व्यायाम लागले. साबणाचे फुगे फुंकायचा व्यायाम खारूला फार आवडला. पंप डॉक्टरबाईंनीच हळूहळू बंद केला. दीड महिन्याने ती तपासून घ्यायला आली, तेव्हा डॉक्टरबाई पुन्हा डोळे मिटून पाच मिनिटं बसल्या, आणि खोलीत कुणीच खोकलं नाही. त्या पाच मिनिटांत खारू पलंगावर चढली, पलंगावरून खिडकीत गेली आणि बाबांनी “अगं, पडशील!” म्हटलं. आईने मशीनवरची चादर काढल्याचं सांगितलं. टाचण्यांसाठी आता मनगटावर उशी बांधते, म्हणाली. कोपऱ्यावरचे डॉक्टरही एकदा मला बघायला आले. मला उजेडात धरून म्हणाले, “मी शर्टावरूनच ऐकलं होतं.” जाताना त्यांचा चेहरा उतरला होता.

मी घरी गेलो नाही. आईनेच नको म्हटलं. “पण फेकू नका,” ती डॉक्टरबाईंना म्हणाली. “कुणाला तरी दाखवा.” म्हणून मी आता त्यांच्या टेबलाच्या खणात राहतो. शेजारी खेळण्यातल्या गाडीचं चाक आहे, पेनाचं बूच आहे, मक्याचा एक दाणा आहे. सगळे आपापल्या मुलांच्या आठवणी काढत असतात.

दिवसभर या खणात खोकले ऐकतो. सगळ्यांच्या छातीत बटण नसतं, हे मलाही कळतं. कुणाला खरोखरच दमा असतो, कुणाच्या छातीत चिकट कफ दडून बसलेला असतो, कुणाच्या घरात बिडी-सिगारेटचा धूर असतो, कुणाला नुसती सवय लागलेली असते. डॉक्टरबाई सगळ्यांना एकच सांगतात. चार आठवडे झाले तरी खोकला जात नसेल, तर बाटल्या बदलत बसू नका, कारण शोधायला या. खोकला ओला की कोरडा ते ऐका. झोपेत येतो का, खाताना येतो का, धावताना येतो का ते बघा. आणि आठवा. सगळं आठवा, लाज वाटेल तेही.

हे शेवटचंच अवघड असतं. लोक छातीचे फोटो आणतात, रक्ताचे रिपोर्ट आणतात, पण ती एक गोष्ट घरी ठेवून येतात. तेव्हा डॉक्टरबाई खण उघडतात आणि मला बाटलीतून काढून समोरच्या माणसाच्या तळहातावर ठेवतात. माझी गोष्ट सांगतात, नावं न घेता. मग गप्प बसतात.

आत्ता मी एका आजोबांच्या तळहातावर आहे. शेजारी त्यांची सून बसलीये, तिच्या मांडीवर तीन वर्षांचा नातू. तीन महिने खोकतोय. सून केव्हाच म्हणाली, नाही हो, काही अडकलं वगैरे नव्हतं. आजोबा काहीच बोललेले नाहीत. त्यांचा अंगठा माझ्या भोकांवरून पुन्हा पुन्हा फिरतोय. बोला, आजोबा. इथे कुणी तुमच्यावर रागावणार नाही. आणि रागावलं तरी बोला.

आजोबांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा नातवाकडे, आणि घसा खाकरला.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “मी त्याला शेंगदाणे दिले होते.”